टन, बीटीयू, एचपी, किलोवॅट: उष्णतेचा आणि विजेचा हिशेब कसा मांडायचा

आमच्या परळच्या चाळीचा पुनर्विकास झाला. नव्या इमारतीचा ताबा मिळायच्या आधी प्रत्येक घराकडून वीजजोडणीसाठी लोडचा तक्ता भरून घेतला गेला. शेजारच्या काकूंच्या तक्त्यात कंत्राटदाराच्या माणसाने लिहिलं होतं: दीड टनाचे दोन एसी, १०.५ किलोवॅट. त्याचा गुणाकार चुकला नव्हता. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, दीड टन म्हणजे ५.२७५, दोन एसींचे मिळून १०.५५. पण त्या आकड्यावरून काकूंना थ्री-फेज जोडणी, मोठा मेन स्विच आणि जाड वायर यांचं एस्टिमेट आलं आणि त्यांनी ते पैसे भरलेही. ते दोन्ही एसी आज भर दुपारी एकत्र चालतात तेव्हा मिळून तीन किलोवॅटच्या आसपास वीज घेतात.

एसी आणि वायरिंगची एस्टिमेटं काढणं हेच माझं काम, त्यामुळे ही चूक मला वारंवार दिसते आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण पैसे जातात ते साध्या माणसाचे. मोबाइलवर एककं बदलून देणारं ॲप चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतं, पण ते उत्तर कोणत्या प्रश्नाचं आहे ते सांगत नाही. म्हणून आकड्यांच्या आधी प्रश्न. कोणताही आकडा समोर आला की त्याला तीन गोष्टी विचारा. हा दर आहे की साठा? ही उष्णता आहे की वीज? आणि हे यंत्रात शिरतंय की यंत्रातून बाहेर पडतंय? काकूंच्या तक्त्यात दुसरा आणि तिसरा प्रश्न राहून गेला होता.

पहिली पायरी: धार आणि बादली वेगळी करा

मुंबईत पाणी ठरलेल्या वेळी येतं, त्यामुळे हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. नळाची धार किती मोठी आहे ही एक गोष्ट, आणि पाणी जाईपर्यंत पिंपात किती साठलं ही दुसरी. किलोवॅट ही धार. युनिट, म्हणजे किलोवॅट-तास, हे पिंपात साठलेलं पाणी. २ किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला तर २ × ०.५ = १ युनिट.

इथे गुणाकार आहे, भागाकार नाही. तरी छापील मजकुरात ‘किलोवॅट प्रति तास’ असं सर्रास वाचायला मिळतं. युनिटला तसं म्हणणं चूक आहे, ‘किलोवॅट-तास’ म्हणा. बीटीयूच्या, म्हणजे उष्णता मोजायच्या ब्रिटिश एककाच्या, बाबतीत नेमकं उलटं होतं. दुकानदार ‘अठरा हजार बीटीयूचा एसी’ म्हणतो आणि त्यातला ‘प्रति तास’ गिळून टाकतो. बीटीयू हा साठा आहे, बीटीयू प्रति तास ही धार. एका ठिकाणी ‘प्रति तास’ नको असताना येतो, दुसऱ्या ठिकाणी हवा असताना गळतो. निम्मे घोळ इथेच होतात. धार धारेशीच ताडून बघायची आणि साठा साठ्याशी. एकातून दुसऱ्यात जायचं तर मध्ये वेळ आलीच पाहिजे.

दुसरी पायरी: हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा

१ किलोवॅट = ८६० किलोकॅलरी प्रति तास = ३,४१२ बीटीयू प्रति तास
१ टन = १२,००० बीटीयू प्रति तास = ३,०२४ किलोकॅलरी प्रति तास = ३.५१७ किलोवॅट
१ एचपी (अश्वशक्ती) = ७४६ वॅट
१ युनिट वीज = ३.६ मेगाज्यूल = ८६० किलोकॅलरी

हे सगळं मुळात पाण्यावरून आलेलं आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागते ती एक किलोकॅलरी. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागतो तो एक बीटीयू. त्यामुळे एका किलोकॅलरीत जवळजवळ चार बीटीयू बसतात, नेमके ३.९७. पाठ केलेल्या आकड्यावर विश्वास नसेल तर ताडून बघा: ३,४१२ भागिले ८६०, उत्तर ३.९७. ३,०२४ ला ३.९७ ने गुणा, बारा हजारांच्या आसपास याल.

कामाच्या धावपळीत मी दोनच युक्त्या वापरतो. किलोकॅलरी प्रति तासाचे वॅट करायचे तर त्यात त्याचाच सहावा हिस्सा मिळवायचा: ३,००० चे ३,५००. खरा गुणक १.१६३ आहे, त्यामुळे फरक नगण्य. आणि बीटीयू प्रति तासाचे किलोवॅट करायचे तर तीन शून्यं काढून ३.४ ने भागायचं: १८,००० चे १८, आणि १८ भागिले ३.४ म्हणजे ५.३.

‘टन’ या शब्दाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मुंबईचं त्याच्याशी जुनं नातं आहे. १८३०च्या दशकात या बंदरात बोस्टनहून जहाजांनी नैसर्गिक बर्फ येत असे. तळ्यावरून कापलेला, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. पुढे यंत्रं आली तेव्हा त्यांची ताकद सांगायला तोच बर्फ माप म्हणून वापरला गेला. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता त्याच वेळात ओढून घेणारं यंत्र एक टनाचं. हा टन अमेरिकन, म्हणजे २,००० पौंड किंवा ९०७ किलो. एक पौंड बर्फ वितळायला १४४ बीटीयू लागतात. २,००० × १४४ = २,८८,०००, भागिले २४, म्हणजे बरोबर १२,००० बीटीयू प्रति तास.

आता ससून डॉकला पहाटे जा. होड्यांसाठी लाद्या फोडून बर्फाचा चुरा भरला जात असतो. तो बर्फ बनवणाऱ्या कारखान्याला रोज एक टन, आपला हजार किलोचा, बर्फ काढायचा असेल तर एक टनाचं यंत्र पुरेल का? नाही. नळाचं पाणी २८ अंशांवर असतं. ते शून्यावर आणायला किलोमागे २८ किलोकॅलरी, गोठवायला ८०, आणि लादी उणे पाचपर्यंत नेली तर आणखी अडीच. एकूण ११०.५. हजार किलोंचे १,१०,५०० किलोकॅलरी, भागिले २४ तास, म्हणजे ४,६०० प्रति तास. त्याला ३,०२४ ने भागा: दीड टन. गळती धरली तर त्याहून जास्तच. नाव एकच, पण बर्फाचा टन आणि यंत्राचा टन वेगळे.

तिसरी पायरी: एसीची नेमप्लेट वाचा

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हमालाने दिवसभरात वाहिलेली पोती किती आणि त्याने खाल्लेल्या भाकऱ्या किती, हे जसे दोन वेगळे आकडे, तसंच इथे. ‘टन’ म्हणजे वाहिलेली पोती. वीज म्हणजे भाकरी. काकूंच्या तक्त्यात पोत्यांचा आकडा भाकरीच्या रकान्यात पडला होता.

आउटडोअर युनिटच्या बाजूला किंवा इनडोअरच्या तळाशी एक पट्टी असते. खुर्चीवर चढून तिचा मोबाइलने फोटो काढा. समजा त्यावर लिहिलं आहे: शीतन क्षमता ५,१०० वॅट, वीज इनपुट १,५०० वॅट. मग हिशेब असा.

टन किती? ५,१०० भागिले ३,५१७ म्हणजे १.४५. दीड टन म्हणून विकलेला एसी बहुधा नेमका दीड नसतो, हे इथे कळतं. बीटीयूमध्ये? ५.१ × ३,४१२ म्हणजे १७,४०० प्रति तास. विजेचा लोड किती? १,५०० वॅट, म्हणजे दीड किलोवॅट. तक्त्यात भरायचा तो हा आकडा. करंट किती? आपल्याकडे २३० व्होल्ट. पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअर यातला खऱ्या कामाला लागणारा हिस्सा) ०.९५ धरला तर १,५०० भागिले (२३० × ०.९५), म्हणजे सुमारे ६.९ अँपिअर. इन्व्हर्टर एसी सुरुवातीला जोर लावताना या आकड्याच्या वर जाऊ शकतो. त्यामुळे वायर आणि एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) ठरवताना नेमप्लेटवर दिलेला कमाल करंट घ्या, हा नको.

पोती भागिले भाकरी, म्हणजे ५,१०० भागिले १,५००, हे ३.४. यालाच ईईआर म्हणतात. परदेशी माहितीपत्रकात हाच आकडा ११.६ असा दिसेल, कारण तिथे वर बीटीयू आणि खाली वॅट असतात, ३.४ × ३.४१२ करा, जुळेल. ११.६ बघून तो एसी तिप्पट चांगला समजू नका.

तारांकनाच्या स्टिकरवरचा आयएसईईआर मात्र ३.४ पेक्षा मोठा असतो, कारण ती वर्षभराची सरासरी आहे आणि इन्व्हर्टर एसी बराच वेळ अर्ध्या ताकदीवर चालतो. त्याच स्टिकरवर वर्षाची युनिटं दिलेली असतात, ती १,६०० तासांची. समजा ८०० युनिट लिहिलंय, तर सरासरी तासाला अर्धं युनिट. तुमचा एसी ज्या घरात वर्षाला २,४०० तास चालतो, तिथे १,२०० धरा. लोडच्या तक्त्यासाठी नेमप्लेट, बिलासाठी स्टिकर. दोन्हींची अदलाबदल करू नका.

आता बाहेर टाकलेल्या उष्णतेकडे बघा. खोलीतून उचललेले ५.१ आणि त्यासाठी खर्च झालेली १.५ ची वीज, दोन्ही आउटडोअरमधून बाहेर पडतात: ६.६ किलोवॅट. म्हणजे २ किलोवॅटचे तीन गीझर सतत चालू असल्यासारखं. आपल्या इमारतींत आउटडोअर युनिटं डक्टमध्ये एकाखाली एक टांगलेली असतात. चार मजल्यांची चार युनिटं एकाच वेळी चालली तर त्या अरुंद डक्टमध्ये २६ किलोवॅट उष्णता. नेमप्लेटवरची क्षमता बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश असताना मोजलेली असते. डक्टच्या वरच्या टोकाला हवा त्याहून बरीच तापलेली असते, आणि तिथला एसी तेवढ्याच विजेत कमी टन देतो. वरच्या मजल्यावरचा माणूस ‘एसी कूलिंग करत नाही, गॅस भरा’ म्हणून फोन करतो. मी आधी डक्टमध्ये डोकावतो.

मुंबईत एसीला आणखी एक पोतं वाहावं लागतं: दमटपणा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ. वाफेचं एक लिटर पाणी करायला साधारण ५८० किलोकॅलरी, म्हणजे ०.६७ युनिटइतकी उष्णता ओढावी लागते. जूनच्या एखाद्या संध्याकाळी नळीखाली बादली ठेवा आणि तासाने मापाने मोजा. माझ्या घरी सव्वा लिटर भरलं. १.२५ × ०.६७ = ०.८४ किलोवॅट. म्हणजे एसीच्या पाच किलोवॅटमधला सहावा हिस्सा नुसतं हवेतलं पाणी पिळायला गेला. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तेवढाच एसी खोली लवकर थंड करतो असं नातेवाईक सांगतात, ते या कारणाने खरं असू शकतं.

खोलीत किती उष्णता तयार होते?

इथे उलटा प्रवास: वॅटवरून टनाकडे. खोलीत जळणारी सगळी वीज शेवटी उष्णता होते. टीव्ही, पंखा, फ्रिज, दिवे, सगळं. १ किलोवॅट म्हणजे ०.२८४ टन. लोहार चाळीतल्या एखाद्या दिव्यांच्या दुकानात नमुन्याचे दिवे मिळून २ किलोवॅटचे चालू असतील, तर अर्ध्या टनाहून अधिक एसी निव्वळ त्या दिव्यांसाठी लागतो.

माणूसही तापतो. स्वस्थ बसलेला एक माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो. हॉलमध्ये गणपतीला पस्तीस पाहुणे आले की ३.५ किलोवॅट, म्हणजे एक टन. रोजच्या चार माणसांसाठी बसवलेला दीड टनाचा एसी त्या दिवशी का हरतो ते कळलं ना! डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिम रेल्वेवर एसी लोकल सुरू झाली, तेव्हा मी कागदावर असाच हिशेब मांडला होता: समजा गाडीत ५,००० माणसं, म्हणजे ५०० किलोवॅट, म्हणजे १४२ टन, आणि हे फक्त माणसांचं. दारं उघडल्यावर प्रत्येक स्टेशनवर आत शिरणारी गरम दमट हवा आणि टपावरचं ऊन वेगळंच.

चौथी पायरी: गीझर

पाणी तापवण्याचा हिशेब सगळ्यात सरळ, कारण इथे वीज जवळजवळ पूर्ण उष्णतेत बदलते. लिटर गुणिले तापमानातला फरक म्हणजे किलोकॅलरी. त्याला ८६० ने भागलं की युनिट.

१५ लिटरची टाकी, पाणी २५ अंशांवरून ५० वर: १५ × २५ = ३७५ किलोकॅलरी, म्हणजे ०.४४ युनिट. गीझर २ किलोवॅटचा असेल तर वेळ ०.४४ भागिले २ तास, म्हणजे १३ मिनिटं. तुमच्या घरी पंचवीस मिनिटं लागत असतील तर एलिमेंटवर क्षार चढलेत एवढंच कारण समजू नका. व्होल्टेज कमी असेल किंवा टाकी सांगितली त्याहून मोठी असेल. तपासा.

तीन लिटरचा इन्स्टंट गीझर ३ किलोवॅटचा असतो. ३ × ८६० = २,५८० किलोकॅलरी तासाला, मिनिटाला ४३. पाणी सतत चालू ठेवलं आणि १५ अंशांनी तापवायचं असेल तर ४३ भागिले १५, म्हणजे मिनिटाला जेमतेम २.९ लिटर. शॉवर याच्या दुपटीहून जास्त पाणी मागतो. इन्स्टंट गीझरवर शॉवर घेणाऱ्याची तक्रार असते की मध्येच पाणी गार होतं. त्यात यंत्राचा दोष नाही, धारच तेवढी आहे.

गॅस गीझर यात बाजी मारतो. मिनिटाला ६ लिटर, २५ अंशांनी: ६ × २५ × ६० = ९,००० किलोकॅलरी तासाला, भागिले ८६०, म्हणजे साडेदहा किलोवॅट. विजेवर हे करायचं तर ४५ अँपिअर लागले असते. आपल्या बाथरूमची वायर ते झेपवणार नाही. पण साडेदहा किलोवॅटची ज्योत बंद बाथरूममध्ये प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते, ज्याला वासही नसतो. या शहरात त्याने माणसं दगावली आहेत. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत बसवा. तशी जागा नसेल तर विजेचाच घ्या, पाणी हळू मिळालं तरी चालेल.

पाचवी पायरी: शेगडी, सिलिंडर, इंडक्शन

एलपीजीच्या एक किलोत साधारण ११,००० किलोकॅलरी असतात. भागिले ८६०, म्हणजे १२.८ युनिट. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, म्हणजे त्यात १८२ युनिटइतकी उष्णता. पण ती सगळी भांड्यात जात नाही. बरीच बाजूने निघून जाते आणि स्वयंपाकघर तापवते. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असायला हवी. म्हणजे भांड्यापर्यंत १२४ युनिट. इंडक्शन ८५ टक्के धरला तर तेवढ्याच कामासाठी १४६ युनिट वीज लागेल. तुमच्या गावातल्या सिलिंडरच्या किमतीला १४६ ने भागा. येणारा आकडा तुमच्या वीजबिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराहून मोठा असेल तर इंडक्शन स्वस्त, लहान असेल तर गॅस. सरासरी दर धरू नका, कारण वाढीव वापर बिलाच्या वरच्या टप्प्यात जाऊन पडतो.

पाइपचा गॅस असेल तर बिल एससीएममध्ये येतं, म्हणजे प्रमाणित घनमीटर. एका एससीएममध्ये साधारण साडेआठ ते साडेनऊ हजार किलोकॅलरी, म्हणजे दहा-अकरा युनिट. पुढचा हिशेब तोच.

तुमची शेगडी खरंच किती देते ते घरी मोजता येतं, आणि मोजाच. पातेल्यात मापून दोन लिटर पाणी घ्या, झाकण ठेवा, मोठ्या बर्नरवर पूर्ण आचेवर ठेवा. थर्मामीटर असेल तर उत्तम. माझं पाणी २८ अंशांवर होतं, ९८ ला पोचायला साडेसात मिनिटं लागली. २ × ७० = १४० किलोकॅलरी, म्हणजे १६३ वॅट-तास. १६३ × ६० भागिले ७.५ = १,३०० वॅट. हीच माझ्या शेगडीची पाण्यात उतरलेली शक्ती. त्याच पातेल्यातलं तेवढंच पाणी पडद्यावर २,००० दाखवणाऱ्या इंडक्शनवर पावणेसहा मिनिटांत आलं: १६३ × ६० भागिले ५.७५ = १,७००. पडद्यावरचा आकडा आत जाणारा, हा बाहेर येणारा. बर्नरची भोकं साफ केल्यावर पुन्हा मोजलंत तर फरक दिसेल.

एचपी आणि केव्हीए

सोसायटीच्या पंपावर ‘५ एचपी’ लिहिलेलं असतं. हा मोटारीच्या दांड्यावर मिळणारा जोर, म्हणजे बाहेर पडणारा आकडा: ५ × ०.७४६ = ३.७३ किलोवॅट. मीटरवर येणारी वीज जास्त असते. मोटारीची कार्यक्षमता ८२ टक्के असेल तर ३.७३ भागिले ०.८२, म्हणजे साडेचार किलोवॅट. एसीत वीज टनाहून कमी आणि पंपात वीज एचपीहून जास्त, हे लक्षात ठेवलं की तक्ता उलटासुलटा होत नाही.

केव्हीए, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर भागिले हजार, ही फक्त विजेची भाषा. जनरेटर २५ केव्हीएचा असेल तर पॉवर फॅक्टर ०.८ धरून २० किलोवॅट. टनावरून थेट केव्हीएवर उडी मारता येत नाही. आधी टनाला ३.५१७ ने गुणून उष्णतेचे किलोवॅट, त्याला ईईआरने भागून विजेचे किलोवॅट, मग पॉवर फॅक्टरने भागून केव्हीए.

मेगावॅटच्या पातळीवर तोच प्रश्न

खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज आली. पाण्याने चाक फिरवलं, चाकाने जनित्र. उष्णतेचा संबंधच नव्हता. औष्णिक केंद्रात मात्र आधी उष्णता, मग वाफ, मग वीज. तिथले इंजिनिअर ‘हीट रेट’ सांगतात: एका युनिटसाठी किती किलोकॅलरी जाळल्या. समजा २,४००. आपला ८६० इथेही कामी येतो: ८६० भागिले २,४०० म्हणजे ३६ टक्के. उरलेली ६४ टक्के उष्णता समुद्राच्या पाण्यात आणि चिमणीतून जाते.

ट्रॉम्ब्यातली अप्सरा अणुभट्टी ऑगस्ट १९५६ मध्ये सुरू झाली, १ मेगावॅटची. १९८५ मध्ये सुरू झालेली ध्रुव १०० मेगावॅटची. हे वाचून कोणी विचारतं की ध्रुववर किती घरं उजळतात? एकही नाही. ते १०० मेगावॅट उष्णतेचे आहेत आणि ती भट्टी संशोधनासाठी आणि समस्थानिकं बनवण्यासाठी आहे. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीचे प्रत्येकी ५४० मेगावॅट मात्र विजेचे, त्यासाठी आत साधारण तिप्पट उष्णता तयार करावी लागते. मेगावॅटपुढे ‘औष्णिक’ की ‘विद्युत’ हे लिहिलेलं नसेल तर दोन भट्ट्यांची तुलना करू नका.

शेवटची पायरी: मीटरकडून खातरजमा करून घ्या

कागदावरचा हिशेब बरोबर आहे का, ते तुमचा मीटरच सांगतो. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ‘३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास’ असं काहीतरी छापलेलं असतं. तो आकडा तुमच्या मीटरवर वेगळा असेल, जो असेल तो घ्या. म्हणजे दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं.

घरातलं बाकी सगळं बंद करा. फ्रिज आणि वायफाय विसरू नका, ते हमखास राहून जातात. एसी १८ अंशांवर लावून दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे तो पूर्ण जोरात येईल. मग जिन्याखालच्या मीटरपाशी जा. कोणाला तरी वर थांबवा, नाहीतर मधेच कोणी पंखा लावतं. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि दहा लुकलुक मोजा. पहिली लुकलुक शून्य धरायची, एक नाही. ३,६०० ला मीटरच्या आकड्याने भागा, ३,२०० असेल तर १.१२५ येतं. त्याला एका लुकलुकीच्या सेकंदांनी भागा. दहा लुकलुकींना साडेसात सेकंद लागले, तर एकीला ०.७५, १.१२५ भागिले ०.७५ म्हणजे दीड किलोवॅट.

काकूंच्या जिन्याखाली मी हेच केलं होतं, दोन्ही एसी चालू ठेवून. दहा लुकलुकींना पावणेचार सेकंद लागले.